तळघरातला कोळसा आणि बाराची भिक्षा

नाशिकमधल्या काही देवघरांत आमच्या तळघरातला कोळसा ठेवलेला आहे. छोट्या वाटीत, खाली लाल कापड, वर तुळशीचं पान. मी तो अंघोळीचं पाणी तापवायला आणला होता.

आमचं गाणगापुरात लॉज आहे. लॉज म्हणजे खाली आम्ही राहतो, वर यात्रेकरूंच्या खोल्या, मागे न्हाणीघरं आणि त्यांच्या शेजारी तांब्याचा भला मोठा बंब. महाराष्ट्रातून मंडळी येतात, डोळे मिटून देवाला हात जोडतात, आणि पहाटे डोळे उघडल्याबरोबर पहिला प्रश्न विचारतात, "गरम पाणी आहे ना?" (देवाबद्दलचे प्रश्न अंघोळीनंतर.) छपरावर सोलर आहे, पण मार्गशीर्षाच्या ढगाळ थंडीत तो पहिल्या चार माणसांनाच प्रसन्न होतो. बाकीच्यांना बंब.

जागेला उतार होता म्हणून माझ्या वडिलांनी घर बांधताना पुढच्या ओट्याखाली तळघर काढलं. त्याचं बुटकं दार ओट्याच्या अगदी शेजारी, गल्लीत उघडतं. वाकून चार पायऱ्या उतरलं की तळघर. तूर साठवायची म्हणून ते बांधलं होतं. पुढे शेती भावकीनं करायला घेतली, तूर तिकडेच आळंदच्या बाजारात जायला लागली, आणि तळघर माझ्या ताब्यात आलं.

आता अक्काबद्दल सांगायला हवं. अक्का म्हणजे माझी आई. सगळं गाव अक्का म्हणतं, म्हणून आम्हीही अक्काच म्हणतो. दुपारी बारा वाजता दत्त महाराज गाणगापुरात भिक्षेला फिरतात, आणि ते कुठल्या रूपात येतील ते सांगता येत नाही, ही इथली श्रद्धा. त्यामुळे बाराला दारात आलेल्या माणसाला इथे कोणी रिकाम्या हाती पाठवत नाही. यात्रेकरूसुद्धा झोळी घेऊन पाच घरं मागतात. अक्का रोज बाराच्या आत ओट्यावर भाकरी, वरण, भात, भाजी घेऊन बसते. ओट्यापुढे एक लाल रंगाचा पाट मांडलेला असतो. चारी कोपऱ्यांना पितळी फुलं ठोकलेला हा पाट महाराजांचा. त्यावर दुसरं कोणी बसत नाही. प्रत्येक मागणाऱ्याला वाढताना अक्का त्याच्या तोंडाकडे निरखून बघते. सगळे गेले की पाट पुसून उचलते आणि म्हणते, "आज न्हाई आले. उद्या येतील."

माझ्या लग्नाच्या आधीपासून हे चाललं आहे. तिला दुसरं काही नको आहे. लुगडं नको, काशी नको. महाराज एकदा दारात येऊन जेवावेत, एवढंच.

आणि मी? मी तिची चेष्टा करायचो.

"अक्का, येऊन गेले असतील की. तू भाजी कमी वाढलीस म्हणून बोलले नसतील."

"तू बोल! तुझं तोंड असं चालू असल्यावर देव कशाला यील ह्या दारात? घडीभर गप बसून बघ, येतील बी."

पण गप बसणं मला जमत नाही. मला माहिती सांगायला आवडतं. यात्रेकरूंना, दूधवाल्याला, लाइनमनला, जो थांबेल त्याला.

तर गेल्या हिवाळ्यात मला फोनवर एक व्हिडिओ दिसला. कुठल्याशा बर्फाच्या मुलखातला एक गोरा माणूस आपल्या घराच्या तळघरात कोळसा कसा साठवायचा ते दाखवत होता. तिकडे अख्खं घर तापवायला कोळसा लागतो म्हणे. त्याच्या पिशव्या इतक्या नीट रचलेल्या, की साडीच्या दुकानातल्या कपाटानं लाजावं! भाषा मला कळली नाही, पण हातवारे कळले. पोतं जमिनीला टेकवायचं नाही, खाली लाकूड पाहिजे. भिंतीपासून वीतभर लांब. एक रांग आडवी, एक उभी, विटांच्या भिंतीसारखी. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला आणि बायकोला हाक मारली.

"सरू, यंदा लाकडं बंद! निम्मी ओली निघतात, धुरानं माणसं खोकतात. वर्षाचा कोळसा एकदम आणायचा."

"आन् ठिवायचा कुठं?"

"तळघरात!"

"जागा हाय का तिथं? तुमच्या मागच्या समद्या कल्पना तिथंच ठिवल्यात की."

(हे खरं होतं. मेणबत्त्यांचे साचे, उसाच्या रसाचं यंत्र, आणि मशरूमचे ट्रे. मशरूम नंतर आपोआप भिंतीवर उगवले, तो भाग वेगळा.)

अक्कानं शेंगा फोडता फोडता सगळं ऐकलं. "कोळसा आण न्हाईतर सोनं आण. पर बाराच्या आत माझा ओटा मोकळा पायजे. ऐन येळेला दारात काळी पोती बघून महाराज माघारी फिरले, तर तुला ह्या घरात थारा न्हाई, सांगून ठिवते!"

"अक्का, दहालाच काम उरकतं."

कोळसा कलबुर्गीहून मस्तानभाईच्या टेम्पोतून येणार होता. मस्तानभाई सकाळी सातला निघतो म्हणाला आणि नऊला निघाला. दत्तजयंती तोंडावर आलेली, गल्लीत गाड्यांची गर्दी. टेम्पो आमच्या दारात लागला तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. आमच्याकडे आदल्याच रात्री नाशिकची मोठी मंडळी उतरली होती. त्यांचे म्होरके वैद्यकाका. निवृत्त, गोरेपान, हातात जपमाळ, आणि कशातही दैवी संकेत पाहण्याची दांडगी तयारी. सकाळी त्यांच्या चहात साखर जास्त पडली, तर त्यातही त्यांना संकेत दिसला.

टेम्पोबरोबर आलेल्या हमालांनी दोन पोती तळघरात धाडकन टाकली. मी आडवा झालो.

"थांबा, थांबा! असं नाही टाकायचं! आधी खाली लाकूड, मग भिंतीपासून वीतभर..."

मस्तानभाई स्टिअरिंगवर हनुवटी टेकवून म्हणाला, "क्या नामदेवअण्णा! कोयला है, अंडे नक्को समझो! फेंक देव अंदर, पड्या रैता."

"मस्तानभाई, त्याला एक शास्त्र असतं."

मी हमालांना शास्त्र सांगायला लागलो. त्यांनी ते घाम पुसत थोडा वेळ ऐकलं, मग सगळी पोती दाराच्या आत नेऊन ठेवली, आणि त्यांच्यातला मोठा म्हणाला, "सरी अण्णा, निम्म इष्ट." म्हणजे बरं, तुमची मर्जी. टेम्पो निघूनही गेला. शास्त्र माझ्यापाशीच राहिलं.

जयंतीसाठी घेतलेला नवा शर्ट मी अंगातून काढला. (सरूनं बजावलं होतं, "शर्टाला डाग दिसला तर तुम्हीच धुवायचा.") कमरेला जुना पंचा गुंडाळला, तळघरातला बल्ब लावला आणि कामाला लागलो. पहिली अडचण आली ती लाकडाची. फळ्या मी आणल्याच नव्हत्या. व्हिडिओतल्या माणसाकडे त्या आधीपासूनच होत्या, त्यामुळे आणायच्या असतात हे त्यानं सांगितलं नव्हतं.

मागच्या पडवीत लाकडाची एक नीट चळत दिसली. पाट! आमच्या पंगतीचे. जेवणावळीला अजून वेळ होता. मी अख्खी चळत उचलून तळघरात नेली, ओळीनं मांडली आणि त्यांवर पोती रचली. एक रांग आडवी, एक उभी. एकेक पोतं उचलताना कंबर बोलत होती, पण शेवटचं पोतं वर चढलं आणि मी दोन पावलं मागे सरून बघितलं तेव्हा माझा ऊर भरून आला. ओळंब्यात भिंत! मला वाटलं, व्हिडिओ आता मीच काढायला हवा.

एवढ्यात वरून, ओट्यावरून सरूचा आवाज आला.

"अव! पडवीतले पाट कुणी नेले? पानं वाढायचीत!"

 हा कोळसा संपेपर्यंत लोक खुर्च्यांवर बसून जेवतील, असा विचार माझ्या मनात चालला होता.

मग अक्काचा आवाज आला.

"सरू, महाराजांचा पाट बी न्हाई गं! रातच्याला पुसून त्याच चळतीवर ठिवला होता मी."

"नीट बघा की अक्का."

"बघितलं. समदीकडं बघितलं." तिचा आवाज ऐकवेना. "बारा वाजायलेत. महाराज आले तर बसवू कुठं? भुईवर बसवू?"

 मी खाली वाकून बघितलं. सगळ्यात खालच्या थराच्या कोपऱ्यातून एक पितळी फूल माझ्याकडे बघत होतं.

वरची पोती एकेक करून उतरवायला हवी होती, हे आज मलाही कळतं. पण वेळ नव्हता. शिवाय विटांच्या भिंतीतली एखादी वीट निघाली म्हणून भिंत पडते का? नाही! (हे मी तळघरात एकटाच असताना मोठ्यानं म्हटलं. सवय.) मी दोन्ही पाय भिंतीला टेकवले, लाल पाट दोन्ही हातांनी धरला आणि जोर लावून ओढला.

पाट आला. पाठोपाठ कोळसाही आला.

आधी वरचं पोतं आलं, मग त्याच्या शेजारचं, मग सगळ्यांनी एकदमच यायचं ठरवलं. बल्ब फुटला. पोती फाटली. अंधारात नुसती धूळ. ती नाकातोंडात, डोळ्यांत, कानांत गेली. मी खोकलो, खोकायला श्वास घेतला तर आणखी धूळ आत गेली, म्हणून आणखी खोकलो. ओरडायला गेलो तर घशातून आवाजच फुटेना. पन्नाशी उलटेपर्यंत माझा आवाज कधी बंद पडला नव्हता. मी घाबरलो. एक रिकामं झालेलं पोतं माझ्या डोक्यावरून खांद्यांवर येऊन खोळीसारखं बसलं होतं, ते काढायचंही सुचलं नाही. पाट मात्र छातीशी घट्ट होता. पोत्यांच्या ढिगावरून सरपटत मी चार पायऱ्या चढलो, दाराला लाथ मारली, ते उघडलं, आणि बाहेर उन्हात आलो.

त्याच क्षणी देवळात बाराची घंटा झाली.

आधी मला काही दिसेना. मग ओटा दिसला. ओट्यावर अक्का, हातात पळी. शेजारी सरू. खाली झोळ्या घेऊन उभी असलेली नाशिकची सगळी मंडळी. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. मला एवढंच करायचं होतं, की पाट जागेवर ठेवायचा आणि मागल्या मागे पळायचं. मी ओट्यापुढे गेलो आणि पाट खाली ठेवला. वाकलो आणि गुडघे गेले. इतकी पोती उचललेली कंबर! मी मटकन बसलो. बसलो तो त्याच पाटावर.

एवढ्यानं भागलं असतं तर मी तुम्हाला ही गोष्ट सांगत बसलो नसतो. पण आमच्या गल्लीत कुत्री आहेत, आणि रोज दुपारी शिळी भाकरी मी त्यांना टाकतो. माणसांनी मला ओळखलं नाही, कुत्र्यांनी वासानं ओळखलं. एक आलं, दुसरं आलं. चौघं येऊन शेपट्या हलवत माझ्याभोवती बसली.

 मग वैद्यकाकू अगदी हळू म्हणाल्या, "अहो... चार कुत्री."

वैद्यकाकांच्या हातातली जपमाळ गळून पडली. "जमिनीतून वर आले! माझ्या डोळ्यांदेखत! आणि पाट बरोबर घेऊन!"

आता मात्र बोलायलाच हवं होतं. मी तोंड उघडलं. म्हणायचं होतं, "अक्का, मी नाम्या!" बाहेर पडलं ते "घ्रर्रं!"

"हुंकार दिला!" काका ओरडले आणि गल्लीत आडवे झाले. त्यांच्यामागे सगळं नाशिक आडवं झालं.

अक्का ओट्यावरून उतरली. एकेक पायरी, कठड्याला धरून. तिचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. नवं लुगडं मिळालेल्या पोरीचा असावा तसा चेहरा. ती माझ्यापुढे आली आणि तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

माझी आई माझ्या पाया पडत होती! मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. (तिथून तर नुकताच बाहेर आलो होतो.) मी पाय मागे ओढले, तिनं ते घट्ट धरले. कितीतरी वेळ डोकं उचललं नाही. मग उठली. एवढंच म्हणाली, "जेवा, महाराज."

आणि मी जेवलो. दुसरं काय करणार? तोंडात घास असला म्हणजे बोलावं लागत नाही. अक्का समोर भुईवर बसून पदरानं वारा घालत होती आणि मधूनच डोळ्यांतलं पाणी टिपत होती. तिनं भाकरीवर तूप घातलं. मग परत घातलं. एरवी मी दुसऱ्यांदा तूप मागितलं, की डॉक्टरनं काय सांगितलं ते ऐकवणारी अक्का! आंब्याच्या लोणच्याची बरणी संपली असं तिनं मला दिवाळीतच सांगितलं होतं. ती बरणी आतून आली, चांगली निम्मी भरलेली. मी खाली मान घालून घास घेत राहिलो. वर बघितलं असतं तर रडलो असतो, आणि रडलो असतो तर काळं धुऊन गेलं असतं.

हात धुवायला पाणी आलं तसा मी ताडकन उठलो. (हात स्वच्छ झाले असते तर पंचाईत!) लोक परत आडवे झाले. ती संधी साधून मी कोपऱ्यावरून वळलो आणि मागच्या गल्लीतला हापसा गाठला. कुत्री बरोबर होतीच.

हापसा मारत होतो तोच मागून पायांचा आवाज आला. सरू! धापा टाकत आली आणि मला काही करता येण्याआधी चिखलात गुडघे टेकून तिनं पदर पसरला.

"महाराज, माझं एक मागणं हाय. लई न्हाई मागत. आमच्या घरच्या माणसाला थोडी अक्कल द्या!"

मी डोक्यावर बादली ओतून घेतली. काळं पाणी वाहून गेलं. सरू वर बघत राहिली.

"सरू," माझा आवाज चिरका का होईना, फुटला, "मीच हाय."

तिनं पसरलेला पदर आवरून घेतला. मग म्हणाली, "म्हंजे न्हाई ऐकलं महाराजांनी."

मग तिला हसू आलं, ते थांबेचना. चिखलातच बसून हसली. "म्हंजे मी तुमच्या पाया पडले व्हय? आन् त्ये नाशिकचं आख्खं गाव बी?"

"सरू, अक्का पडली."

तिचं हसू गेलं. 

"सांगायचं का तिला?" मी विचारलं.

"कसं सांगायलाव? सैपाकघरात गाणं म्हणायलेत त्या. मी लगीन होऊन आले तवापासनं कधी ऐकलं न्हवतं." सरूनं मला पदरानं कान पुसून दिला. "पर न सांगून तरी कसं चालंल वो? आयुष्यभराची वाट बघणं त्यांचं. तुमच्यावर संपलं म्हंजे..."  पुढचं मला कळलं.

सरूनं मागून आणून दिलेला नवा शर्ट घालून मी पुढच्या दारानं घरात आलो, तर तळघराच्या दाराला झेंडूची माळ! पायऱ्यांवर उदबत्त्या. आणि वैद्यकाका आतून कोळसा आणून एकेकाच्या हातावर ठेवत होते.

"काका! हे काय करताय? तो बंबाचा कोळसा आहे!"

"होता, नामदेवराव. आता प्रसाद आहे. तुमचं तळघर पावन झालं!"

शेजारच्या लॉजमधल्या मंडळींनाही खबर लागली होती. आधी रुमालातून चालला होता, तो कोळसा पुढे पिशव्यांतून जायला लागला. एका बाईंनी तर सासरच्या सगळ्यांसाठी म्हणून पोतं रिक्षात घातलं. मला राहवेना. काकांना बाजूला घेतलं आणि सगळं खरं सांगून टाकलं. व्हिडिओ, पाट, भिंत, धूळ, सगळं.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"नामदेवराव, होतं असं. इतक्या जवळून दर्शन झालं की भक्ताला वाटतं, तो मीच. पण हा अहंकार बरा नव्हे."

"अहो काका, खरंच मी होतो!"

"मी त्यांचा चेहरा दोन हातांवरून पाहिला आहे. काय ते तेज! काय ती शांती! आणि तुम्ही..." त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं, आणि सभ्य माणूस असल्यामुळे ते वाक्य तिथेच सोडलं. "शिवाय ते एक अक्षरही बोलले नाहीत हो!"

मागून सरू म्हणाली, "ह्यो पुरावा मातर पक्का हाय."

संध्याकाळपर्यंत तळघर झाडून काढल्यासारखं स्वच्छ झालं. तळाशी पंगतीचे पाट तेवढे राहिले.

दिवे लागले. नाशिककर पालखीला गेले. घरात मी आणि अक्का. आता सांगायलाच हवं, असं ठरवून मी पानावर बसलो.  ती रागावेल याची भीती नव्हती. ती काही न बोलता उठून जाईल आणि उद्या बाराला ओट्यावर बसणार नाही, याची होती.

अक्कानं ताट पुढे ठेवलं. ताटात अर्धी भाकरी.

"अक्का, अर्धीच कामून?"

"दुपारी तीन झाल्यात न्हवं तुझ्या?"



"अक्का... तुला ठावं होतं?"

"आधी न्हवतं. दारातनं आलास तवा खरंच वाटलं मला. काळीज कसं धडधडलं म्हणून सांगू! पाया पडले. आन् बघते तर तुझा आंगठा." ती माझ्या डाव्या पायाकडे बघत होती. "लहानपणी पाटा पाडून घेतला होतास त्याच्यावर. रडत हुतास, मीच हळद लावली हुती. माझ्या हातचा आंगठा मी वळखणार न्हाई व्हय?"

"मग उठून सांगायचं न्हाईस? चपलीनं मारायचं न्हाईस?"

"मारणारच हुते. पर डोस्कं टेकलं तसं मनात म्हणाले, बाराला दारात आलेल्याला माघारी धाडायचं न्हाई, आसं मीच म्हणते की समद्यास्नी. तवा पोरगा म्हणून कसं उठवू?" ती ताटात चटणी वाढायला लागली. "आन् खरं सांगू का नाम्या? दाढी आली तवापासनं तू माझ्यासमोर गप बसून जेवला न्हाईस. ह्यात मीठ कमी, त्यात त्याल जास्ती, फोनमदी आसं दावलं, तसं दावलं. आज खाली मान घालून समदं खाल्लास, एक सबूद बोलला न्हाईस. ह्येच्यापेक्षा मोठा चमत्कार काय आसतोय? मला तर भरून आलं बाबा!"

डोळ्यांतलं पाणी त्याचं होतं तर! मी तोंड उघडलं. आणि त्यात घास घातला. 

"मग... तुझी वाट बघणं?" मी कसंबसं विचारलं.

"त्याला काय झालंय? उद्या येतील." अक्कानं उरलेली अर्धी भाकरी माझ्या ताटात टाकली, आणि तिच्यावर तूप घातलं. "त्येंना कुठल्या बी रूपात येता येतंय. पर तुझ्या रूपात यावं लागावं, एवढी वाईट येळ आली न्हाई अजून त्येंच्यावर!"

दुसऱ्या दिवशी पहाटे बंबात घालायला एक खडा नव्हता. सगळं नाशिक थंडगार पाण्यानं, मोठमोठ्यानं दत्तनाम घेत न्हालं. वैद्यकाका कुडकुडत म्हणाले की, अंघोळीत इतका भक्तिभाव त्यांना कधीच जाणवला नव्हता.

आता परत लाकडं आली आहेत. अक्का रोज बाराला ओट्यावर बसते, लाल पाट मांडते, येणाऱ्याच्या तोंडाकडे बघते. तिच्या शेजारी मीही बसतो, अगदी गप्प. कधी राहवत नाही, एखाद्या यात्रेकरूला गरम पाण्याचं शास्त्र समजावून सांगायला मी तोंड उघडतो, आणि सरू आतून तळघराची किल्ली आणून माझ्यापुढे धरते.

"जावा, घडीभर महाराज होऊन या!"